स्वच्छ चित्र

"अण्णा, आता अजिबात हलायचं नाही. हललात तर चित्र पुसट येतं," म्हणत हेमांगीने वडिलांना एमआरआयच्या नळीत सरकवलं.

शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन चुंबकात क्षीण साद देतो. ती साद पूर्वीपेक्षा बारकाईने टिपणारं हे यंत्र तिच्याच संशोधनातून उभं राहिलं होतं.

जुन्या यंत्रावर अण्णांच्या मेंदूत एकच गाठ दिसली होती. काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आता पडद्यावर त्या गाठीभोवती मोहरीएवढे ठिपके उमटत गेले, उमटतच गेले.

अण्णा बाहेर आले. "जरासुद्धा हललो नाही. चांगलं आलं ना चित्र?"

"इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं," ती म्हणाली आणि त्यांच्या कुशीत हमसून रडली.

अण्णा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.