तीन पायांचं पाखरू

भेग छतापासून निघाली होती आणि फोटोच्या खालच्या कडेपर्यंत उतरली होती.

"एवढी झाकायची," मागे स्टुलावर बसलेला ठेकेदार म्हणाला. "भिंतीला जरा पावडर लावा, ताई. अकराला फाईल साहेबांच्या टेबलावर हवी."

"भिंत कुठली आहे?"

"भिंतीला काय गाव असतं? भिंत म्हणजे भिंत."

छपाईच्या दुकानातल्या या खुर्चीवर बसून तिने आजवर बरंच काही झाकलं होतं. नवऱ्या मुलाचं टक्कल, लॉजच्या गाद्यांवरचे डाग, गेलेल्या माणसाच्या नाकातली नळी. तिचा हात लागला की खोटंसुद्धा सज्जन दिसतं, असं दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. तिलाही ते आवडायचं.

तिने माऊसने भेगेभोवती रेघ आखत आणली, वरपासून खालपर्यंत.

"हे काय हो?" ठेकेदाराने मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदाकडे बोट केलं. "पाखराला तीन पाय?"

"लेकीनं काढलंय. घरची भिंत रंगवायला निघाली होती, रागावले तेव्हा कागदावर आली."

"पण तिसरा पाय कशाला?"

"तिचं गाणंच आहे." स्क्रीनवरची नजर न हलवता ती गुणगुणली,

"एक पाय उभा राहाया,
एक पाय चालाया,
तिसरा ठेवला राखून
घरी माघारी याया."

"पोरगी पोचलेली आहे," ठेकेदार हसला. "पण भिंत सोडायची नाही हां ती. पोरं कुठं ऐकतात?"

खाली, भेगेच्या अगदी शेजारी, गिलावा धड दिसत होता. तिथला एक चौकोन तिने उचलला आणि पॅटर्न म्हणून साठवला. एरवी असा चौकोन ती मोठा करून, डोळ्यांत तेल घालून पाहायची. त्यात एखादा खिळा, एखादा ओघळ राहिला, तर तोच पुन्हा पुन्हा उमटतो आणि चोरी पकडली जाते. पण मागे ठेकेदाराचा पाय हलत होता, स्टूल कुरकुरत होतं, घड्याळात साडेदहा झाले होते. तिने पाहिलं नाही. एकदाच क्लिक केलं. भेगेच्या जागी चौकोनाला चौकोन लागत गेला आणि भिंत झोपल्या बाळाच्या कपाळासारखी झाली.

"काय हात आहे! गवंड्याला आठ दिवस लागले असते."

"गवंडी येणार आहे ना पण?"

"येईल की. सुट्टी लागली की येईल." प्रिंट पाकिटात सरकवून तो गेला.

साडेबाराला त्याचा फोन आला. "साहेबांनी सही ठोकली, ताई. आता तोच फोटो चांगला दारभर मोठा काढून ठेवा. बाहेर फळ्यावर लावू, म्हणजे लोकांची कटकट मिटेल."

तिने तसाच उघडा राहिलेला फोटो स्क्रीनवर मोठा केला. भेगेच्या वाटेवर काहीतरी पांढरं होतं, वरपासून खालपर्यंत, सारख्या अंतरावर. तिने जीभ चावली. राहिलाच शेवटी चौकोनात डाग. तिने आणखी मोठं केलं.

तो डाग नव्हता. खडूने काढलेलं बोटभर पाखरू होतं. तीन पायांचं. त्याच्या वर तसंच एक, त्याच्याही वर एक, छतापर्यंत पाखरांची माळ लागली होती.

तिने मॉनिटरच्या कडेकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. मग पुन्हा कडेकडे.

आठवडाभर लेक सांगत होती, आमचा वर्ग व्हरांड्यात भरतो, जाम मजा येते. का भरतो, ते हिने विचारलं नव्हतं.

तिने लेकीच्या वर्गाच्या बाईंना मोबाईलवर फोन लावला. तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.

"बाई, पोरं कुठे आहेत?"

"वर्गात. आत्ताच आत घेतली. भिंत धड असल्याचं पत्र आलं ना, फोटोसकट. तुमची कन्या तर भिंतीला टेकूनच बसलीय. तिचं पाखरू आहे म्हणे तिथं, उठायचं नाव नाही."

"आणि भेग?"

बाईंचा आवाज खाली आला. "आहे ना. मला दिसतेय की. पण साहेबांची सही आहे त्याच्यावर. माझ्या डोळ्यांचं कोण ऐकतंय?"

"पोरांना बाहेर काढा, बाई."

"अहो, पण तो फोटो..."

"तो फोटो मी केलाय."

बाईंच्या मागून पोरांचा आवाज येत राहिला. सगळी एका सुरात काहीतरी म्हणत होती, टाळ्या वाजवत. ठेका ओळखीचा होता.

"बाई, ऐकताय ना? आत्ता. आत्ताच्या आत्ता."

फोन कानाला तसाच होता. तिचा दुसरा हात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, कीबोर्डवर गेला आणि केलेलं काम एक पाऊल मागे घेतलं. स्क्रीनवरची सगळी पाखरं एकदम उडाली. खाली एकच उरलं, खडूचं. त्याच्या राखून ठेवलेल्या पायाला लागूनच भेग खाली उतरत होती.