डावी बाजू

वर्धमान सांगलीच्या एका प्रयोगशाळेत आजारी उंदरांच्या हृदयांचे स्कॅन काढायचा. रक्त कुठवर पोचतंय, हृदय साखर वापरतंय का, हे पडद्यावर दिसायचं. जिवंत भाग उजळ, मेलेला काळा. हे काम त्याच्या आईला, गुणमालाला, कधीच पटलं नव्हतं.

मंगळवारी तिच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून त्यानं तिला कवठे महांकाळहून सांगलीच्या दवाखान्यात आणलं. तिथं तिचाही तसाच स्कॅन झाला. डॉक्टर पुण्याच्या तज्ज्ञांना फोन करायला बाहेर गेले, तेव्हा पडद्यासमोर मायलेक दोघंच उरले. हृदयाची जवळजवळ अख्खी डावी बाजू काळी होती.

"तुज्या उंदरांची बी असलीच चित्रं असत्यात न्हवं?" गुणमालानं विचारलं.

"व्हय, आई."

"मग एवढं काळं झालेली उंदरं पुढं बरी हुत्यात का रं?"

वर्धमाननं तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. "व्हय, हुत्यात की," तो म्हणाला.

आणि बाहेर येऊन त्यानं साताऱ्याला बहिणीला फोन लावला, "स्वप्नाली, पोरांना घेऊन आत्ताच्या आत्ता नीघ."