गाड्याला सागवान

“बुडाच्या चारी फळ्या कुजल्यात, अप्पा. त्या बदलतो. पण रुळाचं काय?” भीमानं विचारलं.

“रूळ काढून ठेव,” बसलिंगप्पा म्हणाले.

शेणखत फेकणारा दातेरी रूळच काढल्यावर हा गाडा कशाला, हे भीमाला कळेना. “मग रानात खत पसरणार कसं?”

“फावडं हाय की. तू फळ्या बघ. अक्षरा नांदेडहून निघालीय. ती यायच्या आत गाडा तयार पायजे.”

चार वर्षांनी लेक येणार म्हणून म्हातारा उतावीळ झालाय, असं भीमानं गृहीत धरलं. तो चाकूरचा सुतार. गावातल्या सुतारानं अप्पांना नाही म्हटलं होतं. अक्षरानं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून या अंगणात कुणी पाय ठेवत नव्हतं. भाड्यानंसुद्धा कुणी ट्रॅक्टर देत नव्हतं. सप्ताहात अप्पांची बायको लक्ष्मम्मा मांडवाबाहेर, रस्त्याकडेला पोतं टाकून कीर्तन ऐकायच्या आणि तिथूनच टाळ्या वाजवायच्या.

आत्ता त्या समोरच, दाराच्या आत भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या होत्या. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, मान किंचित झुकलेली. शेजारी मोबाइलवर कीर्तन बारीक आवाजात चालू होतं.

“शरणार्थ, अक्का!” भीमानं हात जोडले.

“पूजेत हाय ती,” अप्पा म्हणाले. “ठोकठोक नको करू. स्क्रू मार.”

“शेणाच्या गाड्याला स्क्रू!” भीमा हसला. “बरं, लाकूड कुठंय?”

अप्पांनी गोठ्यातून एका पलंगाच्या फळ्या ओढत आणल्या. सागवान. एकीवर मोर कोरलेला.

“अप्पा, हे शेणाखाली घालायचं?”

“अक्षराच्या लग्नाला केलता. लग्न लागलं कोर्टात, पलंग राहिला गोठ्यात. घाल.”

भीमानं करवत लावली. अप्पा प्रत्येक फळीवरून तळहात फिरवत. कुसळ लागलं की पुन्हा रंधा मारायला लावत. मोराची फळी त्यांनी पुढच्या बाजूला उभी बसवून घेतली, चांगली दोन हात उंच.

“इतकी उंच? बैलांच्या अंगावर खत उडू नये म्हणून काय?”

“हाव.”

कुंपणापलीकडून शेजारचा साहेबराव चालला होता. तो थांबला. “काय अप्पा, सागवानी गाडा! जावयाची वरात काढता का?”

अप्पांनी पुढची फळी उचलून भीमाकडं सरकवली. साहेबराव हसत पुढं गेला.

मधूनच अप्पा आत जात, लक्ष्मम्मांच्या तोंडासमोर उपरणं हलवून माश्या हाकलत आणि परत येत. उकिरडा जवळ, माश्या लईच होत्या.

“अक्कांची पूजा लांबली आज,” भीमा म्हणाला.

“आज घाई न्हाई तिला.”

दुपारी अप्पा कुदळ-खोरं घेऊन रानात गेले, ते गुडघ्यापर्यंत काळ्या मातीनं माखून आले. कीर्तन कधीच संपलं होतं. त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावून दिलं.

उन्हं उतरता उतरता शेवटचा स्क्रू बसला. भीमा स्वतः वर चढून नाचला, फळी कुरकुरली नाही. अप्पांनी बैल जुंपले.

तेवढ्यात अक्षरा आली. एसटीतून उतरून स्टँडपासून पळतच आलेली, हातात एक पिशवी. गाड्यापाशी येऊन ती थबकली. मोरावरून तिनं हळूच बोटं फिरवली आणि वडिलांकडं पाहिलं.

भीमाला राहवेना. चार वर्षांचा अबोला, कुणीतरी तोडायलाच हवा. तो दाराकडं वळून मोठ्यानं हसत ओरडला, “अक्का, उठा आता! लेक आली तुमची!”

अप्पांनी गाड्यात नवं घोंगडं अंथरलं, मोराच्या फळीला उशी टेकवली आणि भीमाच्या खांद्यावर हात ठेवला.

“खांदा द्यायला गावात कुणी न्हाई, बाबा. तू त्या बाजूनं धर. मांडी मोडू देऊ नको, आमच्यात बसवूनच माती देत्यात. पहाटं जीव गेला, तवाच बसवलीय तिला.”