अंजिराची बाजू

कोन्चेत्ताने कुदळ उचलली, आणि मग तिच्या लक्षात आलं, मुळं कोणत्या बाजूची तोडायची हेच आपल्याला ठाऊक नाही.

दर नोव्हेंबरात सावेरिओ अंजिराची एका बाजूची मुळं तोडायचा, फांद्या दोरीने आवळायचा, झाड दुसऱ्या बाजूला वाकवून चरात आडवं निजवायचा आणि वर माती लोटायचा. ईस्टरला पुन्हा उभं करायचा. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत अंजीर जगवायचं तर दुसरा इलाज नाही, या गावात घरोघरी हेच. सावेरिओच्या आजोबांनी चार घरांबरोबर हे गाव वसवलं, तेव्हा या झाडाची काडी त्यांनी इटलीहून बोटीने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. लग्न होऊन आल्यापासून पंचेचाळीस वर्षं कोन्चेत्ता खिडकीतून हा सोहळा बघत आली. पण तिचं सगळं लक्ष नवऱ्याच्या पाठीकडे. घामाने भिजला तरी हा बाबा स्वेटर म्हणून काढायचा नाही.

ऑगस्टमध्ये सावेरिओ गेला. आज रात्री पारा शून्याच्या खाली जाणार, असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. चुकीची बाजू तोडली तर झाड मरणार, उघडं ठेवलं तरी मरणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तिने देवाचं नाव घेऊन कुदळ उगारली.

"बाई गं, थांब! ती नव्हे, रस्त्याकडची!"

कुंपणापलीकडे शेजारचा नुन्झिओ उभा होता. एकतीस वर्षांपूर्वी जुलैच्या जत्रेत मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती उचलताना पुढचा दांडा धरायचा मान त्याला न मिळता सावेरिओला मिळाला, तेव्हापासून या दोन घरांत बोलणं नव्हतं.

"तुला काय माहीत?" कोन्चेत्ता म्हणाली.

"एकतीस वर्षं बघतोय. बोलणं बंद होतं, डोळे नव्हते बंद."

तो वळसा घालून आत आला आणि त्याने तिच्या हातातून कुदळ घेतली. प्रत्येक घावाला तो सावेरिओला नावं ठेवत होता. "काय हा चर! इतका उथळ? तरी जगलं, याचं नशीब." मग दोघांनी मिळून झाड वाकवलं. ते कुरकुरलं, पण मोडलं नाही. कोन्चेत्ताने त्यावर पाला पसरला, जुनी घोंगडी टाकली, आणि सगळ्यात वर सावेरिओचा कोट. तिला रडू आवरेना.

"देव तुझं भलं करो, नुन्झिओ. आज मी माझ्याच हाताने मारलं असतं याला."

"माझे आभार मानू नकोस." नुन्झिओ मातीकडे बघत म्हणाला. "माझ्या परसातलं अंजीर याच झाडाचं आहे. भांडणानंतरच्या वसंतात कुंपणावर एक फांदी दिसली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. कोणासाठी तरी काढून ठेवली असणार त्याने. मी उचलली. चोर आहे मी, कोन्चेत्ता."

कोन्चेत्ताने एप्रनने डोळे पुसले, आणि त्या ओल्या डोळ्यांनीच ती हसली.

"दुसऱ्या कोणाची फांदी तो तुझ्या कुंपणावर कशाला ठेवेल? दोन दिवस खिडकीपासून हलला नव्हता. उचलतो की नाही, उचलतो की नाही! तू उचललीस, तेव्हा वाइनची बाटली उघडली त्याने."

"मग बोलला का नाही गाढव?"

"तू बोललास?"

नुन्झिओने अंगातला कोट काढला, झटकला, आणि सावेरिओच्या कोटावर नीट पसरला.

"चर उथळ आहे," तो म्हणाला, आणि माती लोटू लागला.