थरथर चालूच ठेव

धनीबाईंनी ओढणीची गाठ सोडली आणि तोच काळा कंट्रोलर तिसऱ्यांदा काउंटरवर आला.

"छोरी, तुह्या हातचं रिपेरिंग चार दिवसही टिकत नाई."

दीपमालाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी बाबांनी, म्हणजे पंजाबरावांनी, दारव्ह्याच्या आपल्या मोबाईल दुकानातला अर्धा काउंटर तिला देऊन टाकला होता. तेव्हापासून तिने बुडालेले मोबाईल उठवले होते, मुके रेडिओ बोलते केले होते. तिच्या हातून गेलेलं काहीच परत आलं नव्हतं. हा गेमचा बिनवायरचा कंट्रोलर सोडून! आणि तोही कोणाचा, तर तांड्यावरून जीपने येणाऱ्या साठीच्या आजीचा.

"आजी, आता मी डॉक्टरसारखं विचारते. लपवायचं नाही."

"विचार."

"सेल किती दिवस जातात?"

"दोन."

दीपमालाने मागचं झाकण उघडलं. पहिल्या खेपेला तिने पट्ट्यांवरचा हिरवट बुरा खोडरबराने घासून काढला होता. दुसऱ्या खेपेला स्प्रिंगा ताणल्या होत्या. आता आत सगळं लखलखीत होतं. म्हणजे सेल कोणीतरी खात होतं.

"हे हातात थरथरते ना, तेच सेल खाते. मी आतली मोटर सोडवून देते. मंग पाहा, महिनाभर सेल बदलायचं काम नाही."

धनीबाईंनी कंट्रोलर झपकन ओढून घेतला.

"नाई! बाकी काईही बंद कर. थरथर चालूच ठेव."

"काहून? खेळते तर तुमची नात ना? तिचं काय अडते थरथरीवाचून?"

"माहं अडते."

दीपमालाने मान वर केली. धनीबाईंचा उजवा अंगठा बटणांवर सराईतासारखा फिरत होता.

"अगं बाई! आजी, तुम्हीच खेळता!"

पलीकडे डाग देणाऱ्या पंजाबरावांच्या हातातली तापलेली कैय्या थांबली. धनीबाईंनी ओढणीचा पदर तोंडावर घेतला आणि लहान पोरीसारख्या हसल्या.

"शीलासंगं. माही नात. कुस्तीचा खेळ हाय. ती मले उचलून आपटते, तवा हातात कसं गुरगुरते! ते नसन तर मले कळन कसं?"

"समोर दिसत नाही का? डोळे दाखवून या एकदा."

"डोळ्याले काय धाड भरली? अजून सुईत दोरा ओवते मी."

"मग जिंकतं कोण?"

"शीलाच जिंकत असन."

पंजाबराव हसले. "हरणारानं असं हरावं."

"बरं, आता रेंजचं सांगा," दीपमाला म्हणाली. सापडला होता तिला सूर. "कंट्रोलरचा दिवा कधीपासून लुकलुकते?"

"आठ दिवस झाले. लागतच नाई."

"टीव्हीपासून किती लांब बसता?"

"दोन पावलं. वाटणी झाल्यापासून खोलीच केवढी उरली? टीव्ही होता तिथंच हाय."

"मध्ये काही नवीन आलं?"

"लहान्या पोरानं, शीलाच्या बापानं, लोखंडी कपाट आणलं."

"मंग! लोखंड रेंज अडवते. सरकवा ते."

"कपाट त्याचं. माह्या हातात काय हाय?" धनीबाई एवढं हळू बोलल्या की दीपमालाला काउंटरवर वाकावं लागलं. "सोमवारी शीला पुसदच्या होस्टेलात जाईन. मंग एकदम दिवाळीले. तवरोक तीन दिवस हायेत, बाई. तीनच."

दीपमालाने पेन्सिल कानामागे खोचली.

"कपाट किती उंच आहे?"

"शीला म्हणते, तिच्या बापाएवढं."

"मग त्याच्या डोक्यावरून रेंज नेऊ. उद्या मी स्वतः येते."

"तीनले ये. चारच्या आत झालं पाह्यजे. चारले लहाना वावरातून येते."

"रागावतो?"

"बंद करते सगळं."

दुसऱ्या दिवशी निघताना बाबांनी एवढंच बजावलं, "घरी जाऊन काम करणारानं चहा पिऊन यावं, घरातल्या गोष्टी घेऊन येऊ नये."

जीपमध्ये सहा बायका आणि दोन शेळ्यांमध्ये बसून दीपमाला तांड्यावर पोचली. सव्वातीन झाले होते. बाहेरच्या उन्हातून ती खोलीत शिरली आणि तिच्या डोळ्यांपुढे नुसता काळोख. हाताला लागली ती बाज, त्यावर तिने सोयाबीनची दोन पोती चढवायला लावली, आणि त्यावर धनीबाईंना.

"पडले तर?"

"कुस्ती खेळणारी बाई पडायले भिते?"

धनीबाई चढल्या. डोकं टिनाला टेकायला आलं. नवे सेल घातलेला कंट्रोलर त्यांनी दोन्ही हातांनी वर धरला. दिवा लुकलुकत होता. लुक. लुक. दीपमालाची नजर त्या इवल्याशा दिव्यावरून हलेना.

"अजून वर. जरा डावीकडे. श्वास नका घेऊ."

"श्वासानं बी रेंज जाते?"

"हसू नका ना आजी, हात हालते!"

लुक. लुक. आणि दिवा थांबला. विझला नाही, नीट लागून राहिला.

"लागलं!" दीपमालाने जागच्या जागी उडी मारली. सेल, स्प्रिंग, लोखंड, सगळ्यांना तिने हरवलं होतं. "आजी, पहिली कुस्ती मी पाहणार!" आणि ती टीव्हीकडे वळली.

समोर वाटणीची भिंत होती. जमिनीपासून टिनापर्यंत कोऱ्या विटांची, गिलावाही न केलेली. तिच्यावर ना टीव्ही, ना खिळा. धनीबाईंनी हातातल्या कड्याने त्या भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडून दोन ठोके आले. मग त्यांनी वाकून दीपमालाचा हात धरला आणि कंट्रोलरवर ठेवला. तो थरथरत होता.