पाचवीचा बाक

केजजवळच्या गावात यशोधरा पाचवीत होती तेव्हा कोरोना आला. शाळेबरोबर ऊसतोड मजुरांच्या लेकरांचं वसतिगृहही बंद झालं, म्हणून आईबापानं तिला सोबत सांगलीकडं फडावर नेलं. दोन हंगाम तिनं उसाच्या मोळ्या बांधल्या. शाळा उघडली तेव्हा परीक्षा न देताच ती आठवीत गेली होती. मॅडमनी तिला धडा वाचायला उभं केलं. अक्षरं ओळखीची वाटली, पण शब्द जुळेनात. वर्गात खसखस पिकली. तिनं पुस्तक मिटलं. “मॅडम, मला पाचवीत बसवा.” “अगं, तुझं नाव आठवीत आहे.” “नाव राहू द्या. माझं वाचणं पाचवीतच सुटलंय.” मॅडमनी तिला हाताला धरून पाचवीत नेलं. बाकात तिचे गुडघे मावेनात. शेजारची चिमुरडी सरकली. “ताई, तू आमाला शिकवायला आलीस का?” “न्हाई,” यशोधरा म्हणाली, “तुज्यासंगं शिकायला आले.”