उपरण्याखालचा भाव

"घरात कुणी बाप्या माणूस नाही का?" उपरण्याखालून पुढे केलेला हात गिऱ्हाइकानं चटकन मागे घेतला.

"कालवड माझी आहे. माझ्याशीच बोल," अनसाक्का म्हणाल्या.

सकाळपासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. गोठा दोनदा झाडून झाला, गाभण कालवडीच्या पाठीवरून कितीदा तरी हात फिरला. हिचे घरबसल्या पंचाहत्तर हजार आले नाहीत, तर चारही कालवडी रविवारी दलालाच्या टेम्पोत घालायच्या, असं मुलानं बजावलं होतं.

"तोंडानं भाव फोडायची आमच्यात रीत नाही, आक्का."

"मग बोटं धर. तुझ्या आईच्या वयाची मी, लाज कसली?"

तो हसला आणि उपरण्याखाली त्यानं त्यांची बोटं दाबली. नवऱ्यानं जन्मभर असेच सौदे केले; पण कोणतं बोट म्हणजे किती, हे बायकांना कोण सांगतंय? लांबून दिसायची ती फक्त त्याची मान, आणि ती आधी दोनदा नाहीच म्हणायची.

त्यांनी मान हलवली. त्यानं पुन्हा बोटं दाबली. त्यांनी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा दाबून तो वैतागलाच. "आता यापुढं एक रुपया नाही, आक्का!"

"बरं, ने."

कालवडीचं दावं सोडता सोडता मात्र त्यांना राहवेना. "आता एकदा तोंडानं सांग बाबा, कितीला दिली मी?"

"ब्याऐंशी हजारांना," तो म्हणाला, आणि जागीच थबकला. "म्हणजे? तुम्हाला बोटं कळतच नव्हती?"